चित्र मोठं, दार लहान

गेल्या मंगळवारी तारकर्लीत माझी चांगलीच फजिती झाली. चार महिने खपून केलेलं चित्र मांगरातून, म्हणजे मी भाड्याने घेतलेल्या जुन्या शेडमधून, बाहेरच येईना...

दहा फूट बाय आठ फूट. चौकट आतच ठोकली, कॅनव्हास आतच ताणला, रंग आतच ओतले आणि खरवडले. अकरा वर्षं अमूर्त चित्रं विकून पोट भरतेय आणि दाराचं माप घ्यायचं राहिलं!

मुंबईतल्या प्रदर्शनात हेच चित्र मधल्या भिंतीवर लागणार होतं. टेम्पो रस्त्यावर उभा. आडवं धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं... टेम्पोवाले दादा म्हणाले, "गुंडाळून घ्या ना मॅडम." पण रंगाचा थर बोटभर जाड. गुंडाळला की तडे जाणारच. मी पायरीवर बसून चक्क रडले.

मांगर इनासकाकांचा. पूर्वी तिथे त्यांची होडी असायची. गुडघे गेले, मासेमारी सुटली, होडी विकली आणि पुढे मांगर मला भाड्याने दिला. सत्तरी उलटलेला, अबोल माणूस. माझ्या कामाबद्दल कधी चकार शब्द नाही.

रडणं ऐकून काका आले. चित्राकडे पाहिलं, मग समुद्राच्या बाजूच्या भिंतीकडे.

"रडू नको गो बाय. ही भिंत काढूया."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते पहार घेऊनच आले! होडी आत घ्यायचं मोठं तोंड तिथेच होतं म्हणे. होडी गेल्यावर काकांनी स्वतः चिरे रचून ते बंद केलेलं.

त्यांची बायको, नातालीनकाकी, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "होडी गेली, तेंका मगे दर्या बघूकच नको होतो."

काका वरून एकेक चिरा सुटा करत होते, मी, काकी आणि टेम्पोवाले दादा उचलून बाहेर ठेवत होतो. गुडघे दुखत असणार, पण थांबले नाहीत. दोन तासांनी चित्र उभंच्या उभं बाहेर आलं... साधा ओरखडाही नाही.

चित्र मुंबईला सुखरूप पोचलं. काल मी गवंड्याला घेऊन गेले, भिंत पुन्हा बांधून द्यायला. बघते तर काका त्या मोकळ्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले. समोर समुद्र.

"भिंत कशाक बांधतंस?" मागे न बघताच म्हणाले. "दार बसव, मोठा. पुढचा चित्र ह्याच्यापेक्षा मोठा काढ."

गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं. मीही खुर्ची ओढून शेजारी बसले.

निघताना त्यांच्याच शब्दांत आभार मानले, "देव बरे करू, काका."