उलट्या स्टुलावरचं जाळं

जाळं वर आलं आणि त्यात सगळेच चणे होते. मोठे काबुली, बारके गावठी, एकही सुटला नव्हता. शेवटच्या बाकावर बसलेले आमचे प्रिन्सिपॉल म्हणाले, "सर, तुमच्या तळ्यात उत्क्रांती व्हायला कोणी उरलंच नाही."

माझे कान तापले. पालघरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. कॉमर्सच्या मुलांना आठवड्यातून एक तास विज्ञान असतं, तेही माझ्याकडेच. या पोरांना उत्क्रांती कशाला, तो तास टॅलीला द्या, असं प्रिन्सिपॉलांचं म्हणणं. मी हट्टाला पेटलो. शेवटी ठरलं, त्यांनी एक लेक्चर बसून बघायचं. मुलांना कळलं तर तास माझा, नाहीतर टॅलीचा.

नैसर्गिक निवड म्हणजे काय, तर जो तगतो त्याचीच पोरं पुढे येतात, आणि पोरं आईबापांवर जातात. बस्स. हे दाखवायला टबात पन्नास काबुली, पन्नास गावठी चणे टाकले. चणे म्हणजे मासे. जाळ्यातून सुटले ते तगले. मग उरलेल्या प्रत्येकामागे तसाच आणखी एक टाकायचा, ती पुढची पिढी. जाळ्याचा तुकडा याच वर्गातल्या, दातिवऱ्याच्या दीपालीने आणला होता, तिच्या वडिलांची होडी आहे. घरी मी तो तुकडा चाळणीसारखा धरून तीनदा तालीम केली होती. वर्गात मात्र ओढायला दीपालीला सांगितलं, आणि तिने होडीवर ओढतात तसा ताणून ओढला.

"सर, ताणलं की भोकं मिटतात," ती म्हणाली. "आमच्यात जाळं कोण चाळत नाय."

ही अक्कल मला आधी सुचायला काय झालं होतं? पण पोरगी भारी. तिने स्टूल उलटं केलं, चारी पायांना जाळं बांधलं, भोकं उघडी राहतील इतपत सैल. खाली टब. चणे वरून ओतले. गावठी भराभर खाली, काबुली वर अडकलेले. कडेच्या फटीतून थोडे निसटले तेवढेच. पहिल्या फेरीत टबात काबुली निम्म्याहून कमी, दुसऱ्या फेरीत मूठभर, तिसरीत चार. अख्खा वर्ग बाकं सोडून टबाभोवती! मला तर नाचावंसं वाटत होतं.

दीपालीने मध्येच विचारलं, बारका मासा उद्या मोठा होणारच ना? झकास प्रश्न. मी सांगितलं, हे गावठी म्हणजे पिल्लं नव्हेत, पूर्ण वाढूनही बारकेच राहणारे मासे.

प्रिन्सिपॉल पुढे आले, टबात डोकावले. "म्हणजे जाळ्याला भिऊन मासा हळूहळू लहान होतो तर."

झालं. नेमकी हीच चूक परीक्षेत दर वर्षी असते. मी तोंड उघडणार, तोच दीपालीने टबातली ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

"नाय सर. यातला एक पण चणा लहान झाला नाय. मोठे आपण काढले. बारके उरले, ही त्यांचीच पोरं हायत."

प्रिन्सिपॉलांनी दोन चणे उचलून निरखले. "तास तुमचाच," एवढं म्हणून गेले.

तेव्हापासून एक नियम पाळतो. वर्गात एखादी वस्तू दाखवायची, तर ती ज्याच्या घरी रोज वापरतात त्याच्या हातात आधी द्यायची. तालीम नंतर.