वाडीतल्या विहिरीतला खोकला

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा अंदाज येईल. मी नसरापूरला एसटीडी बूथ चालवायचो. भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू-मिरची — यातलं मी कधीच काही मानलं नाही. बूथवर उभं राहून कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ पेपर उघडून बसायचो. आजही फारसा बदललोय असं नाही. फक्त एक गोष्ट अशी आहे की तिचं काय करायचं ते मला कळलेलं नाही… म्हणून या सदरात लिहितोय. मसाला लावून लिहिणं मला जमणार नाही. झालं तसं सांगतो.

साल नव्व्याण्णव किंवा दोन हजार. थंडीचे दिवस. मोबाईल तेव्हा आमच्याकडं एखाद्या बिल्डरच्याच कमरेला दिसायचा, त्यामुळं बूथ बरा चालायचा आणि मला सुट्टी अशी नसायचीच. लग्न झाल्यापासून मी बायकोला, सुनीताला, कुठंही फिरायला नेलं नव्हतं. ती वेल्ह्यातल्या पासलीची. डोंगर, पाऊस आणि भातखाचरं यातच वाढलेली. तिला समुद्र बघायचा होता. आईलाही बघायचा होता. आईचं सगळं आयुष्य भोंगवलीचं माहेर आणि नसरापूरचं सासर एवढ्यातच गेलेलं.

समुद्र म्हटलं की लोक गोवा नाहीतर अलिबाग म्हणतात. पण भोरवरून वरंध घाट उतरला की महाड, आणि पुढं म्हसळ्यावरून हरिहरेश्वर — आम्हाला तोच समुद्र सगळ्यात जवळ. अडचण होती राहण्याची. हॉटेलं तेव्हा मोजकी, आणि नाताळच्या सुट्टीतले त्यांचे दर आमच्यासारख्यांसाठी नव्हतेच. बूथ माझाच, त्यामुळं गिऱ्हाईक नसलं की मी फोन लावून चौकशी करायचो. एकानं तर आधी 'पुण्याचे का?' असं विचारलं आणि मगच दर सांगितला.

शेवटी वेल्ह्याच्या कचेरीत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी मार्ग काढला. ते मूळचे तिकडचे, घरी फोन करायला माझ्याकडं थांबायचे. ते म्हणाले, हॉटेल कशाला बघताय, आमच्या गावात एक काका-काकू राहत्या घरातलीच खोली देतात, जेवण घरचं, आणि समुद्र त्यांच्या वाडीच्या मागंच. खोलीही त्यांनीच ठरवून दिली. हरिहरेश्वरहून श्रीवर्धनला जाताना थोडं आत ते गाव आहे. नाव लिहीत नाही, काकूंनी तसं सांगितलंय. सासऱ्यांनी पासलीहून नवा तांदूळ पाठवला होता. तो काकूंना द्यायचा आणि त्यांनी जेवणाचं थोडं कमी लावायचं, हे सुनीतानं मला न विचारताच ठरवून टाकलेलं.

आईची अट एकच, नामदेवमामा बरोबर पाहिजे. नामदेवमामा हा आईचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्यामुळं त्याला आईनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. भोंगवलीत, पण गावापासून लांब, रानातल्या वस्तीवर तो राहायचा. मामी लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेलेली, म्हणजे तो एकटाच होता. मी मुद्दाम जाऊन विचारून आलो. तो म्हणाला कांदा लागलाय, लाईट कधी येते कधी जाते, पाणी कोण धरणार. तुम्ही जाऊन या, समुद्र काय कुठं पळून जात नाही.

मग आम्ही तिघंच गेलो. एसटी बदलत बदलत दुपार कलल्यावर पोचलो. कौलारू घर, मागं सुपारीची वाडी, वाडीत जांभ्या दगडानं बांधलेली विहीर आणि तिच्यावर कप्पी. वाडीतून पायवाटेनं गेलं की सुरूची झाडं आणि पुढं समुद्र. आई घोट्याइतक्या पाण्यात जाऊन बराच वेळ उभी राहिली. परत येताना एवढंच म्हणाली की नामदेव यायला पाहिजे होता.

पुढचं झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टी लोकांना रात्रीच्या आवडतात. काका बाजाराला गेलेले. काकू मागच्या पडवीत सुपारी कातरत होत्या. सुनीता खोलीत आवरत होती. मी मागच्या पायरीवर चहा घेत बसलेलो. आईला रिकामं बसवत नाही, म्हणून ती काकूंचं पाणी भरायला विहिरीवर गेली होती.

तिनं पोहरा सोडला. पाण्यावर आपटल्याचा आवाज मला आला. त्यानंतर ती ओढेना. दोर हातात धरून नुसती उभी. पोहरा कुठं अडकला असेल असं वाटून मी उठणार, तेवढ्यात पडवीतून काकू बाहेर आल्या. अडकित्ता हातातच होता. मला म्हणाल्या, "विहिरीत कोण उतरलंय? कोण खोकतंय?"

मी म्हटलं कुणी नाही. मी इथंच बसलोय, मला काही ऐकू आलेलं नाही. तेव्हा कुठं आई बोलली. वळूनसुद्धा न बघता.

"नामदेव हाय खाली."

मी जाऊन विहिरीत वाकून बघितलं. हिरवट पाणी, त्यावर तिरका पडलेला पोहरा आणि माझंच तोंड. आवाज कसलाच नाही. आई म्हणाली, "आत्ता म्हनला, आक्का, दोर धर." आणि मला म्हणाली, "जा, फोन लाव."

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "आई, मामा भोंगवलीला आहे."

"व्हय. तितंच लाव."

मी गेलो ते विश्वास बसला म्हणून नाही. आईला असल्या गोष्टींची सवय नव्हती, आणि काकूंनी आई बोलायच्या आधी विचारलं होतं… एवढं मात्र डोक्यात बसलं. शिवाय फोन केला की आई शांत होईल असंही वाटलं.

त्या गावातला बूथ एसटी थांब्याजवळ होता. मामाकडं फोन नव्हता. भोंगवलीत हमीदभाईंचं किराणा दुकान होतं, तिथला नंबर मला पाठ होता. हमीदभाईंचा स्वतःचा टेम्पोही होता. आता त्यांना काय सांगायचं? विहिरीत खोकला ऐकू आला, हे काही मला म्हणवेना. मी सांगितलं की आईच्या छातीत दुखतंय, ती मामांचं नाव घेतेय, मामांना आत्ताच्या आत्ता निरोप द्या, ते रानात विहिरीवर असतील. हमीदभाईंनी कसलाही प्रश्न विचारला नाही. दुकान बायकोवर सोपवून स्वतःच जातो म्हणाले.

मी तिथंच बाकावर बसून राहिलो. बूथवाला मधून मधून माझ्याकडं बघत होता. नसरापूरला माझ्यासमोर अशी माणसं कितीतरी बसायची, एखाद्या फोनची वाट बघत. मी त्यांच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा फोन लावला. हमीदभाईंची बायको म्हणायची, अजून आले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतः उचलला. त्यांना धाप लागली होती.

"दिलीपराव, मामा हिरीत पडले व्हते. वर काढलंय. जित्ते हायत." मग त्यांनी विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, आल्यावर सांगतो.

वाडीत परत आलो तर सुनीता विहिरीजवळ उभी, चेहरा उतरलेला. आई अजून दोर धरून होती. नुसता धरून नव्हे — एक पाय कठड्याला लावून, अंग मागं टाकून, जड काही ओढताना माणूस उभा राहतो तशी. सुनीतानं दोर घ्यायला हात पुढं केला, तर म्हणे आईनं तिला कोपरानं बाजूला सारलं. मी जवळ जाऊन सांगितलं की मामाला वर काढलंय, तो बरा आहे. आईनं दोर सोडला आणि तिथंच खाली बसली. पोहरा मग मीच ओढला. अर्धामुर्धा भरलेला, कसलंही वजन नाही. पण आईचे दोन्ही तळवे सोलवटून निघाले होते, रक्त आलं होतं. काकूंनी हळद लावून फडकी बांधली. आम्ही लगेच निघालो, तर राहिलेल्या दिवसांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

भोरला दवाखान्यात मामाच्या पायाला प्लास्टर घातलेलं. त्यानं सांगितलं ते असं. लाईट आली, पण मोटर पाणी उचलेना. पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हला पाला अडकला असेल म्हणून तो विहिरीत उतरला. पायरीचा दगड निसटला आणि तो खाली गेला. पाय मोडलेला, पाणी डोक्यावर. कसाबसा पाइपाला लटकला. ओरडला का, असं मी विचारलं.

"कुनाला हाक मारू? वस्तीवर कुत्रं बी न्हवतं. पानी नाकात गेलं व्हतं, नुसता खोकत व्हतो."

आईला हाक मारलीस का, दोर धर म्हणालास का, असंही विचारलं. तो म्हणाला नाही. मनातसुद्धा तसलं काही आलं नव्हतं, कांदा वाळंल एवढंच डोक्यात होतं. मग जरा वेळानं आपणहून बोलायला लागला. आई शेजारीच बसली होती, हातांना फडकी बांधलेली.

"हात गारठलं आन पाइप सुटला. म्हनलं, झालं आपलं. पर खाली गेलोच न्हाई. काखंतनं कुनी तरी दोर घातल्यावानी वाटलं. चाचपून बगितलं तर काय बी न्हाई. आन ती हीर सारकी वाजत व्हती… सुपात भात पाखडत्यात ना, तसं. थांबतच न्हवती."

मामानं समुद्र कधी बघितला नव्हता. मी आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा लाटा ऐकल्या होत्या, आणि त्या आवाजाला काय म्हणावं ते मला सुचलं नव्हतं. सुनीतानं माझ्याकडं बघितलं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्याच घरी पुन्हा गेलो. या वेळी मामा होता, थोडा लंगडत चालायचा. काकू आतल्या बाजूला चुलीशी होत्या, आम्ही आलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. मामा ओट्यावर टेकला आणि प्रवासाच्या धुळीनं खोकला. काकू हातातलं तसंच टाकून बाहेर आल्या. त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच का ते?" आम्ही कुणी अजून ओळख करून दिली नव्हती.

मी बरंच डोकं चालवून बघितलंय. मामा विहिरीत पडलेला आणि आई दोर धरून उभी, हे एकाच वेळी होतं, एवढं हमीदभाईंच्या सांगण्यावरून नक्की. योगायोग म्हणावा, तर काकूंच्या कानावर आलं त्याचं काय करायचं? कुणी म्हणतं रक्ताचं नातं असतं. काकूंचं मामाशी कसलं नातं? आमच्या एका मास्तरांनी जमिनीखालच्या झऱ्यांचं काहीतरी सांगितलं. मधे अख्खा सह्याद्री आहे, हे मी त्यांना बोललो नाही. आणि माझ्या कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं, ते तर राहिलंच.

आईला मी बरेच दिवस टाळून टाळून शेवटी एकदा विचारलं, की नक्की काय झालं होतं, मला अजून काही कळलेलं नाही. ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला कळलं न्हाई म्हनून काय अडलं? मानूस वर आलं ना."