गाडी तो चालवत होता, फोन मी करत होते

मागच्या रविवारी आमच्या इंदूरपलीकडच्या शाहपुऱ्याच्या घरात पहाटे पाचलाच गडबड होती. मुलगा निनाद, सून ऋचा आणि चार वर्षांची नात सुट्टी संपवून पुण्याला परत निघाले होते... कारने. आणि कारने जायचा हट्ट माझा होता.

खरं तर विमानाची तिकिटं काढून झाली होती. पण मी टीव्हीवर विमान अपघाताची बातमी पाहिली आणि माझी झोपच उडाली. निनादने परोपरीने समजावलं, इतक्या लांबच्या रस्त्यापेक्षा विमान कितीतरी सुरक्षित असतं गं आई... पण माझं एकच पालुपद. विमानात आपल्या हातात काय असतं? गाडीचं स्टिअरिंग तरी आपल्या हातात असतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ह्यांनी गाडी चालवणं सोडलंय. ती नुसती दारात उभी, तीच घेऊन जा म्हटलं. शेवटी पोरगा कंटाळून हो म्हणाला.

गाडी कोपऱ्यावर वळली आणि दहा मिनिटांत माझ्या मनात हिशेब सुरू झाला. चौदा तास एकटा चालवणार... ट्रक, घाट, आणि मागे झोपलेली पोर. हे सगळं मला आदल्या दिवशी कसं सुचलं नाही, देव जाणे.

मग मी फोन सुरू केले. आमच्या घरात गाव ओलांडलं की कळवायचं, ही पद्धत ह्यांच्या टूरच्या नोकरीपासूनची. सिहोर आलं का, आष्टा गेलं का, देवास किती राहिलं... शेजारच्या शर्मा भाभी दूध घ्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "दीदी, बच्चे को गाड़ी तो चलाने दो." मला रागच आला.

आईचा फोन कधी कापायचा नाही, ही सवय निनादला मीच लावलेली. कॉलेजात असताना एकदा त्याने उचलला नाही, तर मी दिवसभर जेवले नव्हते. तेव्हापासून तो कुठेही असो, माझा फोन उचलतोच.

इंदूर मागे पडल्यावर मी परत लावला. वाजत राहिला आणि मग कट झाला... माझी पाचावर धारण बसली. पाच-सात मिनिटांनी ऋचाचा फोन आला. मागे नात रडत होती.

"आई, रागावू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचा फोन घ्यायला हा खाली वाकला आणि समोर घाटात ट्रक थांबलेला. हातभर अंतरावर ब्रेक लागला... आम्ही ठीक आहोत. पण आता पोहोचेपर्यंत फोन करू नका."

सकाळी दोनदा तिने फोन उचलला होता आणि दोन्ही वेळा मीच म्हटलं होतं, त्याला दे.

फोन ह्यांच्या हातात दिला आणि देवघरासमोर बसले. जप काही होईना. गाडी थांबेल तिथून ऋचा एक ओळ पाठवत होती, ती हे मला वाचून दाखवत होते... सेंधवा, धुळे, नाशिक. मला सारखं तेच दिसत होतं, खाली वाकलेली त्याची मान.

रात्री आठला पोहोचल्याचा फोन आला. मी नुसती रडले. तो म्हणाला, "अगं आई, चालायचंच." पण असं चालायचंच नाही, हे मला कळलं होतं.

दिवाळीची विमानाची तिकिटं काढ, असं परवा मीच सांगितलं. भीती गेलेली नाही. त्या दिवशीही मी देवघरासमोरच बसलेली असेन.

पण विमानात फोन बंद ठेवतात... तेवढा वेळ तरी माझी लेकरं माझ्यापासून सुरक्षित असतील.