पाटील आणि दोन बाटल्या

अण्णाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "नंदा, दिगू गेला गं," म्हणाला, आणि मला त्याचा अर्थ लागायच्या आत पुढचं वाक्य आलं, "त्या बोकडाचं काय करायचं तेही बघायला लागेल." अण्णा आमचा थोरला, वडलांच्या जागी. पण त्या क्षणी समोर असता तर हातातली जुडी त्याच्या तोंडावर मारली असती. पाठचा भाऊ घरात निपचित पडलाय आणि याला बोकड दिसतोय. महिना उलटून गेला, माझा राग काही उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांत मनानं लिहावं म्हणतात. ज्यांचं मन शांत असेल त्यांनी लिहावं.

दिगूदादा आमच्या तिघांतला मधला. लग्न केलं नाही. फुलपाड्याला डोंगराच्या अंगाच्या चाळीत शेवटची खोली, पुढे पत्रा टाकलेली पडवी. नोकरी इमानेइतबारे केली, पण जीव सगळा डोंगरात. सुट्टी लागली की सॅक पाठीला. मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, डोंगर चढा हवं तर, पण पाठीवर ओझं म्हणून घ्यायचं नाही. अण्णा म्हणाला, बरं झालं, आता तरी घरात बसेल. दादा घरात बसला खरा, भिंतीकडे तोंड करून. आणि एक दिवस मोबाइलवर त्यानं पाहिलं की परदेशात लोक बोकडांच्या पाठीवर सामान लादून दिवसचे दिवस डोंगरात फिरतात. पुढच्याच आठवड्यात पडवीत एक करडू होतं, आणि माझा पन्नाशीचा भाऊ मांडी घालून त्याला बाटलीनं दूध पाजत होता.

हसले हो सगळे. चाळीतले हसले, नातेवाईक हसले, अण्णा तर लग्नकार्यात नक्कल करून दाखवायचा. दादानं त्या करडाचं नाव पाटील ठेवलं, कारण ते मान मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. 'अहो पाटील, चला' म्हटलं की उठायचं. दोरी त्याला कधी बांधली नाही. दोरीनं ओढलं तर ते दोरीच्या मागे येईल, माझ्या मागे नाही, असं दादाचं म्हणणं. आधी नुसतं रिकाम्या अंगानं सोबत चालवलं. मग पाठीवर आईच्या गोधडीचा तुकडा. मग त्यावर खोगीर, तेही दादानं स्वतः केलेलं, लाकडाच्या दोन फुल्या आणि दोन्ही अंगांना कॅनव्हासच्या पिशव्या. हाडं भरल्याशिवाय ओझं घालायचं नाही म्हणून वर्षानुवर्षं थांबला. मी वैतागून म्हटलं, अरे, इतकी वर्षं वाट बघणार? तर म्हणाला, "मला कुठं जायचंय?" … आता हे आठवलं की त्याच्यावरही संताप येतो.

पुढे पाटील असे तयार झाले की काय सांगू. पाणी, तांदूळ, तंबू, सगळं घेऊन ऐटीत दादाच्या मागे. मी दोन-तीनदा गेले होते बरोबर. दादाची एकच शिस्त असायची. पाण्याची एक बाटली डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्यायचं ते दोन्हींतून. एक घोट हिच्यातला, एक तिच्यातला. एकीतूनच प्यायलं की ओझं कलतं आणि कललेलं ओझं मुक्या जनावराच्या कण्याला लागतं. "माझ्या पाठीचं झालं ते त्याच्या पाठीचं नको," म्हणायचा. पाटीलही असे खट, एका बाजूलाच भार आला तर बसकण मारायचे. आणि रिकामं खोगीर म्हणजे नुसता सराव हेही त्यांना पक्कं ठाऊक. त्याला ते उठायचेच नाहीत.

डोंगरावर देवीच्या पायऱ्या लागायच्या. तिथं हमखास कुणीतरी बाई पुढं येऊन पाटलांच्या कपाळाला हळदकुंकू लावायची, कुणी गळ्यात हार घालायचं. देवीच्या वाटेनं चाललेला, सजवल्यासारखा दिसणारा बोकड म्हणजे नवसाचाच, दुसरं काय असणार? कुणाचा नवस, असं विचारलं की दादा म्हणायचा, "माझाच. पण हा फेडायचा नाही, सांभाळायचा." बायका चक्रावून बघायच्या आणि पाटील हार खाऊन टाकायचे.

छातीत दुखतंय हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. गॅस झालाय, म्हणायचा. बोकडाच्या कण्याला इतकं जपणाऱ्या माणसाला स्वतःचं एवढंसं काळीज जपता येऊ नये? सकाळी पडवीत खुर्चीवरच गेला. पाटील शेजारी उभे होते.

तेराव्याचं गोड जेवण झालं. आमच्याकडे त्यानंतर तिखटाचं जेवण करतात, मटण शिजवून चार पै-पाहुण्यांना वाढायचं आणि दुखवटा संपवायचा. पडवीत सगळे सुपारी कातरत बसलेले. अण्णा म्हणाला, "तिखटाला बाहेरून कशाला आणायचं? घरचाच आहे की. दिगूनंच वाढवलाय, त्याच्याच नावानं जाईल." आणि माना हलल्या. एकाही मेल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाटील तिथंच कडेला बसले होते, ज्या दारातून दादाला नेला त्या दाराकडे तोंड करून.

मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी अण्णा म्हणाला, लग्न होऊन गेलेल्या बाईनं माहेरच्या कार्यात तोंड घालू नये. आणि मग हसून, "तुझ्या मागून येत असेल तर घेऊन जा. दोरी न लावता हं."

मी खुंटीवरचं खोगीर काढलं आणि पाटलांच्या पाठीवर चढवलं. अहो पाटील, चला, म्हटलं. ते हलले नाहीत. मागून कुणीतरी फिसकन हसलं. घडवंचीवरची बाटली भरून पिशवीत कोंबली, तरी ढिम्म. अण्णा म्हणाला, "झालं का नाटक?" आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुसरी बाटली शोधली, काठोकाठ भरली, दुसऱ्या अंगाच्या पिशवीत ठेवली. पाटील उठले. अंग झाडलं, आणि सगळ्या पाहुण्यांच्या पानसुपारीतून वाट काढत माझ्या मागे निघाले. मनवेलपाड्याला माझ्या घरापर्यंत मी एकदाही वळून पाहिलं नाही. खुरांचा आवाज येत होता.

तिखट त्यांनी बाहेरून आणून केलं. मी गेले नाही, जाणारही नाही. पाटील आता आमच्या मागच्या अंगणात असतात. खोगीर स्वयंपाकघराच्या खुंटीला आहे आणि बाटल्या ओट्यावर. अण्णाची आठवण आली की डोकं फिरतं, मी एक बाटली उचलते आणि घटाघटा पिऊ लागते. दारातून पाटील मान तिरकी करून बघत राहतात. मग ती खाली ठेवते, आणि मुकाट्यानं दुसरीतला घोट घेते.