छपरावरचा रानकुळीथ

सड्यावरच्या, म्हणजे वाडीच्या डोक्यावरच्या कातळाच्या माळावरच्या गवतात एक रानकुळीथ उगवतो. त्याला कोण पेरत नाय नि कोण विचारत पण नाय. पावसाबरोबर वर येतो, गवताच्या काडीला मिठी मारून वीतभर चढतो, भादव्यात फिकट पिवळं फूल काढतो नि दिवाळी झाली की सुकून मरतो. शेंग म्हणाल तर बोटापेक्षा आखूड, कोयतीसारखी वाकडी, वरून लव. आत दाणे एवढे बारके की चिमणीसुद्धा विचार करून खाईल. खऱ्या कुळथाचा हा वाया गेलेला भाऊ. वाडीत माझी पण तीच गणती होती. फक्त आये बोलायची, "त्याला निदान फूल तरी येतं."

त्याला एक खोड आहे. शेंग पुरी वाळली की दुपारच्या उन्हात तडकते. दोन्ही फाका पीळ घेऊन दोन बाजूला होतात नि दाणे उडतात लांब. कार्तिकात भर दुपारी वर गेलात तर सगळा सडा तडतडत असतो, तेलात मोहरी टाकल्यासारखा. आमच्याकडे रीत अशी की ही तडतड थांबल्याशिवाय घर शाकारायचं गवत कापायचं नाय. जाणती माणसं दुपारी वर जायची, कातळावर बसून कान द्यायची नि खाली येऊन सांगायची, "अजून बोलतोय." की मग सगळ्यांचे विळे परत जाग्यावर.

मला ह्याचं हसू यायचं. मला सगळ्याचंच हसू यायचं, म्हणून तर शाळेतून पहिल्याच वर्षी घरी पाठवला.

तेव्हा यष्टी नुकतीच आमच्या फाट्यावर थांबायला लागली होती. माझ्याबरोबरचे सगळे लग्न करून मोकळे झालेले, त्यांची पोरं गुरांमागं जायला लागलेली. मी तसाच. पंगतीत माणसं हसवायला मी लागायचो, पण कोणाच्या घरात पोरगी लग्नाची झाली की माझं नाव त्या घरात निघायचं नाय. शेवटी माझ्या मामाने, म्हणजे आयेच्या भावाने, राजापुराकडची एक सोयरीक काढली. पोरीचा बाप बोलला, "पुढच्या साली गणपती झाल्यावर येतो. पावसाळ्यात घर कसं उभं राहतं ते बघितल्याशिवाय मी पोरगी देत नाय."

म्हणजे माझं लग्न छपरावर अडकलं. मी ठरवलं, वाडीत कोणाचं नसेल असं छप्पर करायचं. त्यासाठी सड्यावरचं सगळ्यात उंच गवत पाहिजे, नि ते पाहिजे तर सगळ्यांच्या आधी कापलं पाहिजे. विळा घेऊन निघालो तर पाणंदीत मामा भेटला.

"खंय निघालास?"

"गवताला."

"सडा बोलतोय अजून."

"बोलू दे की. मी काय त्याला उत्तर देत नाय."

मामाने तंबाखू थुंकला. "घर तुझं, लगीन तुझं. पण ते गवत मी हातात धरायचा नाय."

मी भारे आणून उडवी रचली. सगळ्यांच्या आधी. आठवडाभर खळ्यात उगाचच येरझाऱ्या घालत होतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. उडवीतून दुपारची तडतड यायची. मी म्हटलं, उंदीर झाले. म्हणून मांजर आणून उडवीवर बसवलं. ते थोडा वेळ बसलं, कान हलवले, मग माझ्याकडे एकदा नीट बघितलं नि निघून गेलं. घरात तेवढं एकच शहाणं होतं, ते पण दुसऱ्याचं.

वैशाखात मामा काय आला नाय, तेव्हा मी एकट्याने घर शाकारलं. दाट केलं, सुंभाने आवळून बांधलं. शेजारची मुसलमान म्हातारी, आमची खाला, दगडी गडग्यावर हात टेकून बघत होती. तिचा मुलगा गलबतावर खलाशी, नि घरात ती नि तिच्या बकऱ्या. ती बोलली, "छप्पर झकास झालंय रे. तू केलंस असं वाटत नाय."

आषाढात ते छप्पर उगवलं.

आधी वाटलं शेवाळ असेल. मग दोन पानं दिसली, मग तीन तीन पानांचे झुपके, नि बघता बघता छपराची दोन्ही पाखी, पुढची नि मागची उतरण, हिरवीगार. शेंगांतले दाणे पेंढ्यांत अडकून राहिलेले, त्यांना एवढं ओलं उबदार अंथरूण सात पिढ्यांत मिळालं नसेल. आये खळ्यात उभी राहून वर बघत बोलली, "छपराला दाढी फुटली. तुला काय अजून धड फुटत नाय."

वाडीतली माणसं लावणीवरून जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडून जायची. एक बोलला, "ह्याला घर म्हणायचं की भाताचा कुणगा?" मी बोललो, "तुमची शेती खाली, माझी वर. डुकरांचा त्रास नाय." ते हसले. मी पण हसलो. रात्री मात्र पोरीच्या बापाचं तोंड डोळ्यांसमोर आलं, नि सकाळी ते सगळं उपटायला मी वर चढलो.

रानकुळीथ दिसायला एवढासा, पण मुळं त्याची हातभर. एक झुपका ओढला तर त्याच्याबरोबर गवताची मूठ पण आली नि भोक पडलं. ते बुजवायला पुढं सरकलो तर गुडघा आत गेला. खाली आये चुलीपाशी. तिने वर बघितलं.

"हे बरं केलंस. आता बाहेर न येता पण तुझं तोंड दिसतं."

म्हणून ठरवलं, राहू दे. पाऊस गेला की मरेल. पण पाऊस जायच्या आत भादवा आला. गणपती झाले, भातं पोटरीला आली, नि पोरीचा बाप राजापुराच्या यष्टीतून उतरला. तोपर्यंत छप्पर पिवळं झालं होतं. एवढी फुलं आली होती की लांबून वाटायचं, कोणीतरी हळद सांडली.

आयेने मला बजावलं होतं, "त्यांना वर बघू देऊ नको. काय पण कर." म्हणून मी छत्री घेऊन फाट्यावर गेलो. पावणा उतरला तसा ती उघडली, त्याच्या डोक्यावर धरली, एकदम खाली, टोपीला टेकेल अशी. आभाळाला नुसतं मळभ. ऊन पण नाय, पाऊस पण नाय.

"छत्री कशाला?" पावणा बोलला.

"मान तुमचा."

"माका दिसत नाय काय."

"वाट माझ्या ओळखीची आहे. तुम्ही पाय तेवढे बघा."

असं पायांकडे बघत बघत त्याला पडवीत आणून बसवला. आयेने पाणी दिलं, गूळ दिला. तो भिंत चापून बघत होता, जमीन बघत होता, मान हलवत होता. मी पण खूष. छत्री मी मिटली नव्हती. पडवीत पण त्याच्या बाजूला धरून उभा होतो. पावणा माझ्याकडे बघून आयेला बोलला, "ह्याला काय झालंय?"

"लाजतो," आये बोलली.

आमच्या घरामागं दरड. मागचं पाखं दरडीला टेकल्यागत, त्यामुळं कोणाला पण छपरावर यायला शिडी लागायची नाय. खालाच्या बकरीला तर नायच. आधी वरून खसखस आवाज आला. मग पावण्याच्या मांडीवर एक पिवळं फूल पडलं. त्याने ते उचलून बघितलं. मग बाहेरून खाला ओरडली, "अगो उतर मेल्ये, लोकांच्या घराक खातस काय."

मी जोरात बोललो, "पावसाने यंदा काय झोडलं, नाय?"

तेवढ्यात बकरीचा पाय छपरातून खाली आला. आख्खा, मांडीपर्यंत, खुरासकट. पावण्याच्या टोपीच्या वर हातभर. हवेत टेकायला जागा शोधत होता. पाय तसाच हलतोय, वर बकरी बें करतेय, आणि मी, देवाशपथ सांगतो, छत्री सरकवून मधे धरली.

पावणा उठला. त्याने छत्री बाजूला केली, वर बघितलं, बाहेर खळ्यात गेला नि आख्खं छप्पर बघितलं. खालाने बकरीला काठीने खाली उतरवलं. पावण्याने वळचणीचा एक वेल ओढला, त्याला नुकत्या धरलेल्या हिरव्या शेंगा होत्या. एक फोडून दाणा बघितला.

"सडा बोलत असताना कापलंस," तो बोलला.

"होय."

"कोणी सांगितलं नाय?"

"सांगितलं."

"मग?"

सवयीने तोंड उघडलं. "म्हटलं, छपराचं छप्पर होईल नि कुळथाच्या पिठीची पिठी."

कोण हसलं नाय. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर कोण हसलं नाय. पावणा आयेकडे वळला. "वयनी, ह्या घरात मी पोरगी देत नाय. बकरीचा पाय आला तिथून उद्या पाऊस येईल, परवा आभाळ येईल. नि हा काय करील? छत्री धरील."

आयेने मान खाली घातली. मी पण घातली, पण माझी घातली काय नि नाय घातली काय.

तो वाटेला लागला. गडग्यापाशी थांबला, परत आला.

"एक हाय," तो बोलला. "माका मुलगा नाय. एकच पोरगी. घर कौलारू हाय माझं. हा तिकडं येऊन राहत असंल तर देतो. माणूस काय कामाचा नाय, पण हातात घेतलेलं धरून उभा राहतो. छत्री सोडली नाय त्याने."

घरजावई. ज्याच्या नावाने मी पंगतीत सगळ्यात जास्त हसवायचो, तोच. मी आयेकडे बघितलं. तिने बराच वेळ छपराकडे बघितलं.

"न्या," ती बोलली. "माझं छप्पर माझा भाऊ करील. पण कौलांना ह्याला हात लावू देऊ नका."

फाल्गुनात लग्न झालं, त्यांच्या दारात. मांडवावर माडाचे झाप टाकलेले. मुलाकडच्यांनी हातभार लावावा म्हणून मी आदल्या दिवशी गेलो होतो, पण सासऱ्याने मला मांडवाखाली येऊ दिलं नाय, गोठ्यात बसवून ठेवलं. आख्ख्या गावाला बकरीची गोष्ट माहीत होती. कोण पण यायचा नि मला विचारायचा, "छत्री आणलीत काय?"

मुहूर्तावर मला उभं केलं. समोर अंतरपाट. पलीकडे ती, जिला मी कधी बघितली नव्हती नि जिच्यासाठी मी सगळ्यांच्या आधी गवत कापलं होतं. अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. मी म्हटलं आता ती माझ्याकडे बघेल.

ती वर मांडवाकडे बघत होती.