दारावरचा कडुनिंब

त्या फ्लूच्या साथीत मला साधी शिंकही आली नाही. "एकटे राहून कसं सांभाळलंत हो?" असं कुणी विचारलं की मी वाफ, गरम पाणी, प्राणायाम एवढंच सांगतो. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, आणि उरलेलं मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

बँकेच्या बदलीवर मी तेव्हा चेन्नईत, पेरुंगुडीला राहत होतो. पन्नाशी उलटलेली, साखर वाढलेली, बायको मुलीच्या बारावीपायी नाशकातच. साथ सुरू झाली आणि शाखेतल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, तशी मीही रजा टाकली. बायको फोनवर रोज बजावायची, "दार उघडू नका कुणाला. परमुलखात आजारी पडलात तर पेलाभर पाणी द्यायला माणूस नाही."

माणूस होतं खरं तर. समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहायच्या, सगळे त्यांना मामी म्हणत. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका, मुलगा परदेशात. शब्द जुन्या दस्तऐवजातले आणि चाल तमिळ, अशी त्यांची मराठी. संध्याकाळी ताकाचा पेला घेऊन बेल वाजवायच्या. "जेवण जालं की रे बाबा?" मराठी बोलायला मिळावं म्हणूनच येत असाव्यात. मला त्या आवडायच्या, पण साथ आल्यापासून त्यांचा पेलाही नकोसा वाटू लागला. नाही म्हणायचं कसं, ते सुचत नव्हतं.

त्यातच पाडवा आला. एकट्यानं गुढी कुठे उभारायची, म्हणून आवारातल्या कडुनिंबाची एक डहाळी तोडून दाराच्या चौकटीला बांधली. हवाही शुद्ध राहील, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मजल्यावर भलतीच शांतता पसरली. एरवी पॅसेजमध्ये पोरं सायकल दामटायची, ती दिसेनात. दुधाची पिशवी दाराऐवजी जिन्याच्या पायरीवर सापडू लागली. उंबऱ्याबाहेर कुणीतरी हळदीचं पाणी शिंपडून जायचं. पावलं कधी ऐकू आली नाहीत. एकदा कचरा ठेवायला दार उघडलं, तर पॅसेजच्या टोकाला कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं हातातला कपडा टाकून हात जोडले. मला नाही. माझ्या खांद्यावरून आत, अंधाऱ्या खोलीकडे बघत. मी गर्रकन मागे वळलो. मागे कुणी नव्हतं. तरी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाताना मी दिवा लावून गेलो, भर सकाळी.

आणि रोज उंबऱ्यावर एक शहाळं, तोंड कापलेलं. मामी ठेवायच्या. बेल मात्र वाजेना.

चौथ्या दिवशी वॉचमननं जिन्यातूनच, चार पायऱ्या खाली उभं राहून विचारलं, "सार, तिसरं पाणी कधी?"

मला काही कळलं नाही. शाखेतल्या तमिळ सहकाऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो खो खो हसला. "दाराला कडुनिंब? अहो सार, इकडे कांजिण्या आल्या की तो बांधतात. घरात मारियम्मा देवी आली असं समजतात. तिसरं पाणी, म्हणजे बरं झाल्यावरची तिसरी आंघोळ, होईपर्यंत त्या दारी कुणी फिरकत नाही. काढून टाका आधी, नाहीतर रोग नसताना देवी घेऊन बसाल!"

मीही हसलो. फोन ठेवला. दारापाशी गेलो, डहाळीला हात लावला, आणि तसाच परत आलो.

इतकं निवांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाचा श्वास नाही. आठवड्यानं पानं वाळली, तेव्हा मी भर दुपारी, आवारात कुणी नाही असं बघून, नवी डहाळी तोडून आणली आणि बांधली. पहिली चुकून होती. दुसरी नव्हती.

त्यानंतर दोनच दिवसांनी शहाळं आलं नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

दुपारी दोनच्या सुमाराला दाराबाहेर कुणीतरी पुटपुटत असल्यासारखं वाटलं. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. मामी उभ्या होत्या. केस सुटलेले, कपाळ घामानं भिजलेलं, चेहरा तापानं फुललेला. हात जोडून थेट भिंगाकडेच बघत होत्या. पण त्या मला बघत नव्हत्या. आत जी आहे असं त्यांना वाटत होतं, तिला काहीतरी मागत होत्या. मध्येच खोकला आला, तर तोंडावर पदर दाबून त्या मागे सरकल्या, जणू तिला लागू नये म्हणून. बेल त्यांच्या हातापासून वीतभर होती. माझा हात कडीवर होता. मी श्वास रोखून धरला होता. दाराच्या फटीतून फ्लू येईल, ही माझी भीती.

थोड्या वेळानं त्यांनी उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि भिंत धरत परत गेल्या. मी साबणानं हात धुतले. मग वाफ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहाळीवाल्याला त्या दार उघडीनात, म्हणून वॉचमननं लोक जमवले. खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं. माझ्या दारावरून जाताना सगळे एकदम गप्प झाले. पाच दिवसांनी मामी हॉस्पिटलातच वारल्या. एक दिवस आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले, हे वॉचमननं सांगितलं.

मुलगा आला तोवर मी डहाळी काढून टाकली होती. मास्क लावून भेटायला गेलो. तो मोडक्या मराठीत म्हणाला, "अम्माला ताप होता त्या दिवशी मी फोनवर बोललो, समोरच्या अंकलला हाक मार. ती बोलली, नको, त्यांच्याकडे मारियम्मा आहे, त्रास देऊ नये. तिला मी सांगते, ती बघेल."

त्यानं पाणी दिलं, तेव्हा मास्क खाली करावा लागला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, अगदी मनापासून.

"एक पण डाग नाही राहिला, अंकल. बरं झालं."

मी गालावरून हात फिरवला. "हो," म्हणालो, "बरं झालं."