शेजारचा दगड

तारास या ग्रीक बंदरात पायथागोरसला पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. तो जाऊन जमाना झाला, तरी त्याच्या पंथातल्या घरांत चूल त्याच्याच हुकमाने पेटायची. वाल शिजवायचे नाहीत, मासळीला हात लावायचा नाही, मेलेल्यासाठी रडायचं नाही. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "गुरूंनी स्वतः सांगितलंय." त्यापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

निकारेता अशा घरात सून म्हणून आली आणि पंथाची पांढरी वस्त्रं विणता विणता तिचे केसही पांढरे झाले. एकुलता एक तेलेस मात्र जन्माचा बडबड्या. नव्या शिष्याने पाच वर्षं मौन पाळायचं असतं. हा पहिल्याच वर्षी "माझ्याच्याने नाही होत" म्हणून उठला आणि बंदरावर मासे विकायला बसला. पंथ सोडणारा पंथाला मेलेला. रीतीप्रमाणे वेशीबाहेर त्याच्या नावाचा थडग्याचा दगड लागला. पोरगा धडधाकट, आणि त्याचा बाप दामीस त्या दगडापाशी हूं की चूं न करता उभा. ही रीत ज्या कुणी काढली, त्याला पोटचं पोर नसणार.

मेलेल्याशी बोलायचं नसतं, म्हणून निकारेता बोलली नाही. पण बाजारातून जाताना तेलेसच्या पाटीपाशी तिची पावलं जड व्हायची. तोही हाक मारत नसे. शेजारच्या कोळ्याला मोठ्याने सांगायचा, "खोकला गेला हो माझा. काल पोटभर जेवलो." हे कुणासाठी चाललंय ते कोळ्यालाही कळायचं. ती मान खाली घालून पुढे जायची आणि तिचा जीव तुटायचा. आत्मा फिरून जन्माला येतो, असं गुरू सांगून गेले होते. आता नाही तर पुढच्या जन्मी बोलू, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

मग एका तुफानात मासे धरायला गेलेल्या तेलेसची होडी बुडाली. प्रेतही हाती लागलं नाही. पंथातलं कुणी फिरकलं नाही. ज्याचा दगड आधीच लागलाय, त्याचं सुतक कसलं?

निकारेता बंदरावर गेली ती परतेना. केकाटणाऱ्या कुत्र्याच्या आवाजात गुरूंनी आपला मेलेला मित्र ओळखला होता, अशी गोष्ट पंथात सांगत. ती तिथल्या एकेका पिल्लापाशी बसायची, कान देऊन ऐकायची, स्वतःच्या हाताने मासळी भरवायची. "जेवलास का रे, बाळा?" असं विचारायची आणि गळा काढून रडायची. बघणारे तोंड फिरवायचे.

शेवटी दामीस न्यायला आला. घरी चल, नाहीतर उद्या तुझाही दगड लावतील, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं.

"अहो, गुरू त्या मित्राशी बोलत होते, म्हणून त्यांना आवाज ओळखू आला," ती म्हणाली. "दगड लागल्यापासून मी माझ्या पोराला एकदाही ओ दिली नाही. तो मला कसा सापडणार?"

"गुरूंनी स्वतः..." दामीसने सुरुवात केली.

तिने पदराने पिल्लाचं तोंड पुसलं.

"दगड लावू द्या त्यांना. फक्त त्याच्या शेजारी लावा म्हणावं."